टाळूला हात लावायचा नाही

पुतळाबाईचा राग टोकरखाड्याच्या चाळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. नळावर कुणी मध्ये घुसलं की ती आधी हंडा खाली ठेवायची, मग पदर खोचायची आणि मगच तोंड उघडायची. पदर खोचलेला दिसला की शहाणी माणसं आपापला हंडा उचलून घरी जायची. पण तो राग आला तसा जायचा. सकाळी जिला शिव्या हासडल्या तिच्याचकडे संध्याकाळी ही विरजण मागायला हजर! ही गोष्ट आहे ती दुसऱ्याच रागाची. चार महिने झाले तरी तो गेला नव्हता. कुणावर होता म्हणाल तर मुंबईच्या डॉक्टर पाटणकरांवर, दवाखान्यातल्या प्रमिला सिस्टरवर, नवऱ्यावर, आणि दिसेल त्याच्यावर.

नवरा वाल्मिक शिरपूरकडचा. सिल्वासात सुताच्या कारखान्यात मशीनवर होता. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांना मुलगी झाली, सोनी. पुतळाबाईला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासू आली, बायडाबाई. बुटकी, काळी, चार पोरं हाती-पायी धड वाढवलेली बाई. रोज सकाळी पाय पसरून बसायची, सोनीला पायांवर घ्यायची, अंग चोळायची आणि शेवटी टाळू भरायची. म्हणजे काय, तर तान्ह्या पोराच्या डोक्यावर मधोमध मऊ जागा असते ना, तिथे कोमट तेल सोडायचं आणि तळवा ठेवून ते जिरू द्यायचं. सगळ्या खानदेशात पोरं अशीच वाढली, त्यात काही नवल नाही.

सोनी तीन महिन्यांची झाली आणि एक दिवस बायडाबाईचा हात थांबला.

"पुतळे, इकडं ये व. हिची टाळू ताठ लागू ऱ्हायली."

"ताठ म्हणजे?"

"टाळू खोलगट असते. तेल सोडलं की तिच्यात ऱ्हाते. हे बघ, तेल थांबतच नाही, कानाकडं ओघळते. कालबी तसंच झालं."

पुतळाबाई सातवी शिकलेली, सासू अंगठाबहाद्दर. पण पोरीच्या डोक्याचा विषय होता, तिने वाद घातला नाही. त्याच दिवशी ती सोनीला घेऊन ट्रस्टच्या दवाखान्यात गेली. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईचे मेंदूचे सर्जन येतात असं प्रमिला सिस्टरने सांगितलं. सिस्टर चिपळूणची, कामाला चोख आणि बोलायला कडक.

रविवारी डॉक्टर पाटणकर आले. उंच, घाईतला माणूस. त्यांनी सोनीच्या डोक्याला टेप गुंडाळली, आकडा वहीत लिहिला, टाळूवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "डोक्यात पाणी साठतंय. सगळ्यांच्याच डोक्यात पाणी तयार होतं आणि आपोआप उतरतं. हिचं उतरत नाही. त्या पाण्याच्या दाबाने मेंदू आतून पातळ होतो."

पुतळाबाईने पोरीला जवळ ओढलं. "मग पोरगी...?"

"घाबरू नका. वेळेवर दाब काढला तर मेंदू परत भरतो. किती भरतो, किती दिवसांत भरतो, त्याचाच मी अभ्यास करतोय. आतापर्यंत तेरा मुलं झाली. ही चौदावी."

जूनमध्ये मुंबईला ऑपरेशन झालं. कानामागून, कातडीखालून एक बारीक नळी पोटापर्यंत नेली. डोक्यातलं जादा पाणी त्या नळीने पोटात उतरणार. स्कॅनमध्ये सोनीचा मेंदू करंगळीएवढ्या जाडीचा दिसला होता. "बघाल तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "वर्षात दुप्पट होईल." पुतळाबाईला तो माणूस देवासारखा वाटला, आणि का वाटू नये? मरायला टेकलेली पोरगी त्याने हसती करून हातात दिली होती.

घरी निघताना सिस्टरने एक छापील कागद दिला. डोक्यावर पातळ सुती टोपी, ती काढायची नाही. तेल नाही, मालिश नाही. डोकं ओल्या फडक्याने टोपीच्या कडेकडेने पुसायचं. दर रविवारी टोपीवरूनच टेपने माप घेऊन लिहायचं. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात: टाळूला हात लावायचा नाही. सिस्टरने कारणही सांगितलं. सुरंगी गावच्या एका बाळाच्या आजीने मालिश करताना नळीवरची कातडी चोळून फोडली, आत पू झाला, आणि ते बाळ गेलं. तेव्हापासून डॉक्टरांनी हा नियम केला होता. नियम उगाच नव्हता, हे आपण कबूल करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई तेलाची वाटी घेऊन बसली.

"आत्याबाई, वाटी ठेवा ती. आता तेल नाही."

"चोळत नाही व माय. नुसता तळवा ठेवते. आत काय चाललंय ते कळाया नको?"

"तळवाही नाही. डॉक्टरांनी सक्त सांगितलंय."

"डाक्टरले पोरं किती? मी चार वाढवले या हातांनी."

आणि इथे पुतळाबाईने पदर खोचला. "चार वाढवले आणि दोन घालवले, ते कुणाच्या हातांनी?" असं म्हणून तिने वाटी हिसकली आणि तेल मोरीत ओतून दिलं.

बायडाबाईने रिकामी वाटी उचलून जागेवर ठेवली. तिची दोन पोरं गोवराने गेली होती, तीस वर्षं झाली होती. तिने आपलं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या जीपने वापीला गेली, तिथून गावी. वाल्मिकने दोन दिवस बायकोशी अबोला धरला. तिने धरू दिला. पोरगी वाचवायची की सासूचं मन सांभाळायचं? पुतळाबाईच्या मते त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग तिने नियम पाळला, आणि कसा पाळला! चाळीतली कुठलीही बाई "बघू गं बाळाला" म्हणून हात पुढे करायची तर ही मधेच आपला हात घालायची. दोन टोप्या आणखी शिवून घेतल्या; टोपी बदलायची ती डोळे दुसरीकडे वळवून, एका झटक्यात, न जाणो आपलंच बोट लागलं तर. दर रविवारी टेप. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सव्वापंचेचाळीस. डॉक्टर ते आकडे वहीत उतरवून घ्यायचे आणि खानवेलहून, सुरंगीहून आलेल्या बायांना सांगायचे, "यांच्याकडे बघा. अशी आई पाहिजे." मग पुढच्या महिन्याभराच्या घरकामाला, धुण्याभांड्याला त्या एका वाक्याने बळ यायचं. सोनी बसायला लागली. दिव्याकडे बोट दाखवायला लागली. चिमणी दिसली की "ची, ची" म्हणायची.

डिसेंबरचा रविवार रद्द झाला. डॉक्टर मद्रासला परिषदेला गेले होते, याच मुलांवरचा आपला अभ्यास तिथे वाचायला. सिस्टर कौतुकाने म्हणाली, "सोनीचा फोटो पण दाखवणार आहेत म्हणे, तिथल्या पडद्यावर." पुतळाबाईने ही बातमी अख्ख्या चाळीला सांगितली.

त्याच आठवड्यात गुरुवारी सोनीला उलटी झाली. शुक्रवारी दोन झाल्या. पुतळाबाई तिला घेऊन दवाखान्यात धावली. सिस्टरने टेप घेतली. माप मागच्या रविवारचंच, तसूभर फरक नाही.

"डोक्याचं काही नाही," सिस्टर म्हणाली. "दात येतायत."

"टाळू बघता का, सिस्टर?"

"मी? नाही हो बाई. साहेब सोडून कुणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा."

मुलांचा डॉक्टर होता, त्यानेही टोपीला हात न लावता दाताचंच सांगितलं आणि साखर-मिठाचं पाणी दिलं. सोनी झोपू लागली. उठवलं तर रडायची आणि परत झोपायची. सोमवारी तिने दूध सोडलं. वाल्मिक म्हणाला, "मुंबईला नेऊ." पुतळाबाई म्हणाली, "टेप बरोबर आहे. डॉक्टर मद्रासला. कुणाला दाखवणार?" तिने टेप पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्या टेपवर तिचा इतका भरवसा होता की बुधवारी वाल्मिक न सांगता, पाळी बुडवून गावी गेला. कुठे गेला होता ते तिला शुक्रवारी सकाळी तो दारात उभा राहिला तेव्हाच कळलं. त्याच्या मागे बायडाबाई होती.

बायडाबाई सुनेकडे न बघता आत आली. चपला काढल्या, हात धुतले, सोनीला मांडीवर घेतलं आणि टोपीची नाडी सोडली.

"आत्याबाई, नका..."

"सर बाजूले."

तिने तळवा ठेवला. ठेवला तसा उचलला. "दगड लागू ऱ्हायला व पुतळे," ती म्हणाली. "दगड! कव्हापासून हे असं?"

पुतळाबाईने तेव्हा सहा महिन्यांनी पहिल्यांदा आपल्या पोरीच्या टाळूवर हात ठेवला. घट्ट फुगलेली, वर आलेली, ताणलेली कातडी. आंधळ्यालाही समजलं असतं. आठ दिवस पोरगी हिच्या कुशीत झोपत होती, आणि हात आणि डोकं यांच्यात चार आण्यांचं सुती कापड होतं.

जीप, वापी, गाडी, मुंबई. त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या हाताखालच्या एका तरुण सर्जनने नळी बदलली. ती आत गाळ धरून बंद पडली होती. सोनी वाचली. तिसऱ्या दिवशी दूध प्यायली, चौथ्या दिवशी हसली. पाचव्या दिवशी पुतळाबाई तिच्यासमोर न बोलता जाऊन उभी राहिली आणि सोनीने तिच्याकडे बघितलं नाही. मग त्या तरुण डॉक्टरने बॅटरी मारून पाहिली, पुन्हा मारून पाहिली.

"डोळ्यांच्या नसांवर दाब आला," तो म्हणाला. "फार दिवस राहिला दाब."

"आधी आणलं असतं तर?"

तो प्रामाणिक पोरगा होता. "पहिल्या दोन दिवसांत आणलं असतं तर बहुतेक नजर वाचली असती."

त्यानंतर पुतळाबाईचा राग कुणाला आवरेना. वाल्मिकला ती म्हणाली, आधीच आईला का नाही आणलंस, मुडद्या? वाल्मिकने ऐकून घेतलं. शेजारणीने "देवाची मर्जी" म्हटलं, तर तिला म्हणाली, तुझ्या पोराचे डोळे गेले की मग सांग मर्जी. एकच बाई तिच्या तोंडातून वाचली, बायडाबाई. ती आता इथेच राहत होती. रोज सकाळी सोनीची टाळू भरायची, तेल थांबतं की ओघळतं ते बघायची, आणि सुनेला टोमणा म्हणून कधी मारला नाही. एकदा तरी म्हणावं तिने, "सांगितलं होतं ना?" पुतळाबाई वाट बघायची. म्हातारी म्हणायची नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दवाखान्यातून निरोप आला, जरूर या, पाहुणे डॉक्टर येणार आहेत. दोघी सोनीला घेऊन गेल्या. हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. तेवीस मुलांचे नंबर, प्रत्येकापुढे रंगीत ठिपका. खाली मराठीत आणि गुजरातीत लिहिलं होतं: हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे अपयश. पुतळाबाईने चौदा नंबर शोधला.

हिरवा!

तिने परत वाचलं. बोट लावून ओळ धरली. चौदा. हिरवा. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या घडीला कळलं. डॉक्टर पाटणकर दोन पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होते. ती पदर खोचून मधोमध जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, चौदा नंबर हिरवा कसा?"

"या, या. हीच ती सोनी," ते पाहुण्यांना म्हणाले आणि मग तिच्याकडे वळले. "अहो, फेब्रुवारीतला स्कॅन पाहिला मी. मेंदू जवळजवळ तिप्पट जाडीचा झालाय. आमच्या सगळ्या मुलांत हिचा सगळ्यांत चांगला."

"पोरीला दिसत नाही."

"हो, ते दुर्दैव आहे. पण अभ्यासात आपण मेंदूची जाडी मोजतो, जीव वाचला का ते बघतो..."

"पोरीला दिसत नाही!" हॉलमधल्या बायांनी माना वळवल्या. "मेंदू तिप्पट झाला म्हणता, मग तो घेऊन मी काय करू? ची-ची करायची हो माझी पोरगी चिमणीला! आता भिंतीला आपटते. आणि तुमच्या तक्त्यात ती पास? पहिला नंबर?"

"पुतळाबाई, साहेबांशी असं बोलायचं नाही," सिस्टर पुढे झाली.

"तुम्ही बोलूच नका, सिस्टर! मी म्हटलं होतं टाळू बघा. तुम्हाला हात नव्हता?"

सिस्टर मागे सरली. ती भिंतीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. "टाळू बघून काय होणार होतं? अशा वेळी माप बदलायला वेळ लागतो, हे खरं. पण एखाद्या अडाणी माणसाच्या बोटाला..."

"अडाणी?" पुतळाबाईने सासूचा दंड धरून तिला पुढे आणलं. "या बाईने तीन महिन्यांची असताना ओळखलं होतं. तुमच्या टेपच्या आधी. टाळूवर तेल टाकलं की राहतं की ओघळतं, एवढं बघून! तेच ही रोज बघणार होती. मी नाही बघू दिलं, कारण तुमचा कागद!"

पाहुण्यांपैकी एकाने काही विचारलं, डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं. मग बायडाबाईसमोर थोडे वाकून त्यांनी विचारलं, "आजी, नळी बंद पडल्यावर किती वेळात कळलं असतं तुम्हाला?"

"वेळ कसला? दुसऱ्या आंघोळीले," बायडाबाई म्हणाली.

दुसऱ्या आंघोळीला म्हणजे शुक्रवारी. नजर वाचायच्या दोन दिवसांच्या आत. हा हिशोब डॉक्टरांनी केला, तो सगळ्यांना दिसला. ते तक्त्यापाशी गेले. खिशातून लाल पेन काढलं आणि चौदा नंबरचा ठिपका लाल केला, कागद फाटेपर्यंत.

"मी पाण्यापासून मेंदू सांभाळायला निघालो आणि त्याच्यावरचा पहारा मीच उठवला," ते म्हणाले. "एका मुलाच्या मरणाने घाबरून सगळ्यांचे हात बांधले. हे मी लिहीन, छापीन, मद्रासला जाऊन सांगीन. चोळायचं नाही, पण रोज हात ठेवायचा, असं सगळ्या आयांना शिकवीन. चूक माझी आहे, पुतळाबाई, संपूर्ण माझी. तुमची तिळमात्र नाही. तुम्ही तर मी सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळलंत."

झालं. जे ऐकायला ती चार महिने तडफडत होती ते त्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आता तिने रडावं, शांत व्हावं, नाहीतर निदान पदर सोडावा. पण त्याचं शेवटचं वाक्य तिच्या असं वर्मी बसलं की ती किंचाळलीच.

"पाळलं ना! तेच तर पाळलं मी! कुशीत पोरगी ओकत होती, आणि मी आई असून टोपी काढली नाही! कुत्री चाटून बघते हो पिल्लाला! मी कागद वाचत बसले! तुम्ही म्हणालात 'अशी आई पाहिजे' आणि मी त्याच्यावर भाळले. म्हातारीला मी तिच्या मेलेल्या पोरांवरून बोलले. तुमची चूक तुम्ही छापाल. माझी कुठं छापू? सांगा ना, कुठं छापू?"

बायडाबाईच्या कडेवरच्या सोनीला आईचा आवाज ओळखीचा वाटला. रागाचा आहे की कशाचा, तिला काय त्याचं! ती खुदकन हसली आणि घ्यायला सांगावं तसे दोन्ही हात पुढे केले. हात गेले ते आईकडे नाही, वीतभर बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिथे. ती तिथेच बोटं हलवत राहिली.

पुतळाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती एक पाऊल सरकून त्या हातांसमोर जाऊन उभी राहिली.